सहा महिने तीन दिवस : सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल

पाषाणवाट (धागाकर्ता) | १६ डिसेंबर

मागच्या महिन्यात भाच्याची पासिंग आउट परेड होती, खडकवासल्याला. आम्ही पहाटेच निघालो होतो, जागा चांगली मिळाली. परेड सुरू व्हायच्या आधी शेजारच्या एका आजींनी विचारलं, "हे मैदान खेत्रपालाच्या नावाचं आहे म्हणतात. कुठला हो हा देव?" आजी मूळच्या मालवणकडच्या. त्यांच्या गावात शिवेवर खेत्रपाल असतो, गावाची राखण करणारा. मी म्हटलं, "आजी, देव नाही. एकवीस वर्षांचा मुलगा होता. रणगाड्यात गेला, एकाहत्तरला. परमवीर चक्र मिळालं." आजींनी मैदानाकडे बघून हात जोडले आणि तेवढ्यात बँड सुरू झाला.

दोन वाक्यांत सांगितलं खरं, पण ते दिवसभर मनात सलत राहिलं. आज १६ डिसेंबर. म्हणून आज बसून सगळं लिहितोय.

अरुणचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० चा आणि तोही आपल्या पुण्यातला. हे मला स्वतःला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. वडील लष्कराच्या इंजिनिअर्समध्ये अधिकारी, पुढे ब्रिगेडियर झाले. पणजोबा शीख खालसा फौजेत होते आणि चिलियनवालाच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध लढले. आजोबा पहिल्या महायुद्धात. शाळा सनावरची लॉरेन्स स्कूल. १९६७ मध्ये तो एनडीएत आला, ३८ वा कोर्स, फॉक्सट्रॉट स्क्वाड्रन. तीन वर्षं सिंहगडाच्या पायथ्याच्या त्याच डोंगरांत धावला असेल, जिथे आपण रविवारी पिठलं-भाकरी खायला जातो. नंतर डेहराडून. १३ जून १९७१ ला खांद्यावर एक तारा लागला आणि रेजिमेंट मिळाली १७ हॉर्स, म्हणजे पूना हॉर्स.

या नावाशी आपलं जुनं नातं आहे. १३ जून १८१७ ला दुसऱ्या बाजीरावाकडून कंपनीनं जो तह लिहून घेतला, त्यातून या घोडदळाची उभारणी झाली. खर्च पेशव्यांच्या मुलखातल्या वसुलीतून. आपल्या इतिहासातलं ते मानहानीचं पान, पण त्याच पथकानं स्वतंत्र भारताला दोन परमवीर दिले. पहिले लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर. १९६५ मध्ये चाविंड्याच्या लढाईत पडले ते, पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेचे विद्यार्थी. दुसरा अरुण. तहाची आणि त्याच्या कमिशनची तारीख एकच, १३ जून. योगायोगच आहे, पण लक्षात आल्यापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही.

नवीन अधिकाऱ्यांना यंग ऑफिसर्स कोर्स करावा लागतो, आर्मर्ड कोअरचा, म्हणजे रणगाड्यांच्या दलाचा, तो नगरला होतो. अरुण तिथे होता आणि कोर्स अर्धवट असतानाच युद्धाचे ढग जमले, सगळ्यांना आपापल्या रेजिमेंटला परत बोलावलं. जाताना सामानात गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा निळा पोशाखही घेतला होता म्हणतात. लाहोरला गोल्फ खेळायचं आणि रात्री मेसमध्ये जेवायला तो पोशाख घालायचा. एकवीस वर्षांच्या पोराचंच हे बोलणं. निरोप देताना आईनं आजोबा-वडिलांची आठवण करून देऊन वाघासारखा लढ असं सांगितल्याची गोष्टही सगळीकडे सांगतात.

आता लढाई. शकरगडचा भाग नकाशात बघा. पाकिस्तानची हद्द तिथे फुगून आपल्याकडे आत आलेली आहे, आणि तिच्या अगदी जवळून पठाणकोट-जम्मू रस्ता जातो. तो तुटला की काश्मीरचा जमिनीवरचा संपर्कच संपला. म्हणून आपल्या ५४ इन्फंट्री डिव्हिजननं तिथे मुसंडी मारली. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल पिंटो निवृत्तीनंतर पुण्यातच राहिले. १५ डिसेंबरच्या रात्री ४७ ब्रिगेडच्या पायदळानं बसंतर नदी ओलांडून पलीकडे पाय रोवले. पण नदीच्या दोन्ही अंगांना सुरुंग पेरलेले. इंजिनिअर्सचं काम निम्म्यावर आलं होतं आणि पलीकडून निरोप यायला लागले, समोर शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल वाढलीय, आपले रणगाडे आत्ताच्या आत्ता पाठवा. पायदळाकडे रणगाडा थोपवायला फार काही नसतं. पूना हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग यांनी ठरवलं, सुरुंग पूर्ण निघायची वाट बघायची नाही. न साफ केलेल्या पट्ट्यातून रेजिमेंट रात्रीच पलीकडे गेली.

१६ च्या सकाळी आठच्या सुमाराला धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानी रणगाडे नदीपलीकडच्या जरपाल गावावर चालून आले. तिथे असलेल्या 'बी' स्क्वाड्रननं कुमक मागितली. 'ए' स्क्वाड्रनमधला अरुण जवळच होता, तो आपले रणगाडे घेऊन निघाला. वाटेतच शत्रूच्या ठाण्यांमधून आणि रिकॉइललेस तोफांच्या मोर्चांमधून मारा सुरू झाला. त्यानं वळसा घातला नाही. ठाण्यांवर रणगाडे घातले, पिस्तूल रोखून शत्रूचे सैनिक पकडले. त्या झटापटीत त्याच्या तुकडीतल्या एका रणगाड्याचा कमांडर जागीच गेला. तरी हा पुढे. 'बी' स्क्वाड्रनपाशी पोचला तेव्हा शत्रूचे रणगाडे मागे सरकत होते. हा त्यांच्याच पाठी लागला आणि एक उडवलाही.

यानंतरचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. थोड्या वेळानं शत्रू पुन्हा जमवाजमव करून आला, या खेपेला अख्खं स्क्वाड्रन घेऊन. आणि नेमका ज्या पट्ट्यावर घाव घातला तिथे आपले तीनच रणगाडे होते, अरुणचा त्यातला एक. उरलेल्या दोघांपैकी एकाला गोळा लागला, दुसऱ्याची तोफ बिघडली. म्हणजे त्या पट्ट्यात लढू शकणारा रणगाडा एकच उरला. त्याचं नाव 'फामागुस्टा', सायप्रसमधल्या एका बंदराचं. मग त्यालाही गोळा लागला, आग लागली. रेडिओवर हुकूम आला, रणगाडा सोड, बाहेर पड. त्यानं कळवलं की सोडणार नाही, मुख्य तोफ अजून चालतेय. आणि रेडिओ बंद केला. शेवटचा रणगाडा त्यानं टिपला तेव्हा तो शंभरेक मीटरवर होता. त्यानंतर दुसरा गोळा बसला.

त्या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे पडले. चार अरुणच्या नावावर. त्या पट्ट्यातून एकही शत्रूचा रणगाडा आत शिरला नाही.

त्याच दिवशी दुपारी ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी रात्री पश्चिमेकडेही तोफा थांबल्या. त्याचे अंत्यसंस्कार सांब्याजवळ उरकले, आणि घरी कळलं ते युद्ध थांबून कित्येक दिवस झाल्यावर. तोवर घरचे तो येईल म्हणून वाट बघत होते.

कमिशन १३ जूनला, मृत्यू १६ डिसेंबरला. सहा महिने तीन दिवसांची नोकरी. आपण नव्या ऑफिसात तेवढ्यात प्रोबेशनही पूर्ण करत नाही.

ज्यांना आणखी माहिती आहे त्यांनी जरूर लिहा.

---

सीनाकाठ

फार मनापासून लिहिलंय. मी नगरचा. आमच्या घराच्या गच्चीवरून लहानपणी रेंजवरचे आवाज ऐकू यायचे, खिडक्यांची तावदानं थरथरायची. आई म्हणायची, "पोरं शिकतायत." एवढंच. त्या शिकणाऱ्या पोरांत एके काळी अरुण होता, हे आज तुमच्यामुळे कळलं.

एक भर घालतो. 'फामागुस्टा' रणगाडा नंतर दुरुस्त करून जपला आहे, आमच्याच गावात, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये. म्हणजे जिथून अर्धा कोर्स टाकून तो पोरगा निघाला, तिथेच त्याचा रणगाडा परत आला. मुलाला टँक म्युझियम दाखवायला घेऊन गेलो होतो तेव्हा एका जवानानं हे सांगितलं. म्युझियममध्ये पाकिस्तानकडून जिंकलेले पॅटनही आहेत. मुलगा त्यांच्या चाकांपाशी उभा राहिला तर साखळी त्याच्या छातीपर्यंत आली. एवढं धूड अंगावर येताना कसं दिसत असेल, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

---

जुना सवार

मी आर्मर्डमध्ये वीस वर्षं काढली. आधी विजयंता, मग टी-७२. गनर होतो. गाव सातारा जिल्ह्यात. लिहायची सवय नाही, चूकभूल माफ करा. पण रणगाड्याच्या पोटात काय असतं ते सांगावंसं वाटतं, कारण बाहेरच्याला वाटतं लोखंडाचं कवच आहे म्हणजे सुरक्षित.

अरुणसाहेबांचा रणगाडा सेंच्युरियन. त्यात चार माणसं. ड्रायव्हर पुढे खाली, एकटा. बुरुजात तिघे. गनर, लोडर आणि कमांडर. लोडरच रेडिओ बघतो. गनरला दिसतं फक्त दुर्बिणीतून, तेवढाच गोल तुकडा. डाव्या-उजव्या बाजूला काय चाललंय त्याला कळत नाही. लोडरला तर काहीच दिसत नाही, तो गोळे उचलून आत सारत राहतो, हात भाजतात, धूर नाकातोंडात जातो. बघायचं काम कमांडरचं. म्हणून तो डोकं वर काढून उभा. टोपण लावून आत बसला की अंगाला धोका कमी, पण मग अर्धा आंधळा. चांगला कमांडर डोकं बाहेरच ठेवतो. एवढ्यासाठीच रणगाड्यात कमांडर जास्त मरतात.

आणि सेंच्युरियनचं इंजिन पेट्रोलचं. आग लागली म्हणजे खाली पेट्रोल आणि मांडीशी रचलेले गोळे. आम्हाला शिकवायचे, आग लागली की विचार करायचा नाही, बाहेर. आम्ही त्याचा सराव घड्याळ लावून करायचो. तो हुकूम मिळाल्यावरही माणूस तिथे बसून पुढचं निशाण सांगतो, गनर नेम धरतो, लोडर गोळा भरतो. तुमच्या लेखात अरुणसाहेबांचं नाव आहे, ते असायलाच हवं. पण त्यांच्या पायाशी बसलेल्या गनरनं तोफ डागली आणि लोडरनं ती भरली, तेव्हा ते रणगाडे पडले. त्या दिवशी सवार नंद सिंगही त्याच रणगाड्यात गेले.

---

पाषाणवाट

काका, मनापासून आभार. नंद सिंगांचं नाव मूळ लेखात असायला हवं होतं. मी वाचलेल्या बहुतेक ठिकाणी ते असतं, तरी लिहिताना माझ्याकडून निसटलं. नेमकं असंच होतं.

---

तळटीप

लेख छान, पण मला एक प्रश्न पडतो. तो आदरानंच विचारतोय, गैरसमज नसावा. हुकूम आला होता, रणगाडा सोड. त्यानं तो पाळला नाही आणि रेडिओ बंद केला. लष्करात आज्ञापालन सगळ्यात वरचं मानतात. मग आज्ञा न पाळलेल्याला सर्वोच्च सन्मान कसा? आणि त्याच्याबरोबर तिघं होती. त्यांच्या जिवाचा निर्णयही त्यानंच घेतला ना?

---

जुना सवार

प्रश्न रास्त आहे. मला जे वाटतं ते सांगतो.

बाहेर पड हा हुकूम जीव वाचवायला दिलेला असतो. मागून रेडिओवर बोलणाऱ्याला एवढंच दिसतं की गाडी पेटलीय. पण समोरून किती गाड्या येतायत, आपली तोफ फिरते की नाही, नेम बसतो की नाही, हे आत असलेल्यालाच माहीत. त्यांच्या रेजिमेंटला हनूत साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं की जिथे आहात तिथूनच लढायचं, मागे सरकायचं नाही. शेजारच्या दोन गाड्या गप्प झालेल्या. त्यांनी गाडी सोडली असती तर मागे पायदळ उघडं पडलं असतं. तिथे थ्री ग्रेनेडियर्स आणि सिक्सटीन मद्रासची शेकडो माणसं खंदकात बसलेली.

आणि तिघांचं म्हणाल तर, रणगाड्यात चार जणांचं एकच शरीर असतं. महिनोन्महिने एका ताटात जेवतात. कमांडर थांबला आणि गनर उडी मारून पळाला, असं मी कधी ऐकलं नाही. पण तुमचा प्रश्न मनात येणं चूक नाही. माझ्याही येतो.

---

घाटमाथा

यात एक बाजू राहिली असं मला वाटतं. रणगाडे सुरुंगांतून गेले खरे, पण निम्मा रस्ता तरी कुणीतरी साफ केला होताच. अंधारात, गुडघ्यांवर, वरून तोफखाना चालू असताना. नवव्या इंजिनिअर रेजिमेंटचे मेजर विजय रतन चौधरी याच बसंतरच्या लढाईत सुरुंगांमधून वाट काढताना गेले. मरणोत्तर महावीर चक्र. सिक्सटीन मद्रासचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल वेदप्रकाश घई यांनाही मरणोत्तर महावीर चक्र. आणि जरपाल हातात ठेवणारे थ्री ग्रेनेडियर्सचे मेजर होशियार सिंग, ते वाचले, त्यांना परमवीर चक्र. एका लढाईत दोन परमवीर, एक जिवंत आणि एक गेलेला.

इंजिनिअर्सचा विषय निघाला म्हणून सांगतो. माझे आजोबा खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये होते. आमच्या घरात परमवीर म्हणजे रामा राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडियाचे. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावर रणगाड्यांना वाट मिळावी म्हणून ते तीन-चार दिवस जखमी अवस्थेत सुरुंग काढत आणि झाडांचे अडथळे उडवत राहिले. आजोबा सांगायचे, रणगाडा पुढे गेला की फोटो त्याचा येतो, वाट करणारा चिखलात असतो. अरुणचे वडीलही इंजिनिअर्सचेच, हे तुमच्या लेखातून कळलं. मुलगा ज्या वाटेनं पुढे गेला, ती वाट म्हणजे काय असते हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल?

---

अबोली

मी सहसा लिहीत नाही, वाचत असते. पण हा धागा सकाळपासून तिसऱ्यांदा उघडला.

माझा मुलगा फौजेत आहे. कुठे आहे ते लिहीत नाही. ते "वाघासारखा लढ" वाक्य मी अनेकदा ऐकलंय, शाळांच्या कार्यक्रमांत, भाषणांत. दर वेळी लोक टाळ्या वाजवतात. मला टाळी वाजवता येत नाही. असं नाही की मला ते खोटं वाटतं. त्या बाई फौजी घरातल्या होत्या, सासरा फौजी, नवरा फौजी. त्या तसंच म्हणाल्या असतील. पण ते म्हणताना त्यांचा हात कुठे होता? मुलाच्या खांद्यावर होता, की दाराच्या चौकटीला घट्ट धरलेला होता? हे कुणी विचारत नाही.

माझा मुलगा पहिल्यांदा पोस्टिंगला निघाला तेव्हा मी काय म्हटलं ठाऊक आहे? "डबा उघडून बघ, लोणचं सांडलं नाही ना." बस. त्याला गाडीत बसवून घरी आले आणि मग स्वयंपाकघरात बसून राहिले. दुसरं काही सुचलंच नाही.

पाषाणवाट यांनी लिहिलंय ना, घरी कळेपर्यंत कित्येक दिवस गेले. मी तिथेच थांबले. युद्ध थांबलं हे रेडिओवर ऐकून त्या माऊलीनं सुटकेचा श्वास सोडला असेल. आता येईल पोरगा. खोली झाडून ठेवली असेल, मोटारसायकल पुसली असेल. आणि मग तार. युद्ध संपल्यानंतर आलेली तार ही जगातली सगळ्यात क्रूर गोष्ट आहे, माझ्या मते.

---

पाषाणवाट

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मीही ते वाक्य लेखात टाकलं, सगळे सांगतात म्हणून. तुमचा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. तुमच्या मुलाला सुखरूप यश लाभो.

---

दूरदेशी

मी बर्मिंगहॅमला असतो. इथे आमच्या गल्लीतला किराणा दुकानदार सरगोध्याचा. गेली बारा वर्षं हिंग-मोहरी त्याच्याकडूनच घेतो. तुमच्या धाग्यात अजून कुणी लिहिलं नाही म्हणून २००१ ची गोष्ट लिहितो.

अरुणचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, मूळचे सरगोध्याचे. फाळणीत सगळं मागे राहिलं. वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांना आपलं गाव शेवटचं बघायचं होतं. लाहोरला त्यांची सोय एका निवृत्त पाकिस्तानी ब्रिगेडियरच्या घरी झाली, ख्वाजा मोहम्मद नासेर. फार आदरानं वागवलं, गाव दाखवून आणलं. मुक्काम संपायच्या आदल्या रात्री नासेर यांनी त्यांना सांगितलं, एक गोष्ट इतके दिवस मनात आहे. तुमच्या मुलाला मारणारा मीच. बसंतरला ते पाकिस्तानच्या १३ लान्सर्सचे मेजर होते, समोरच्या रणगाड्यांवर.

म्हाताऱ्या बापानं त्या घरात, त्यांच्या मिठाचं खाऊन, हे ऐकलं. काही करता येणार नव्हतं आणि त्यांनी काही केलंही नाही. दोघंही सैनिक होते.

मी ही गोष्ट एकदा त्या दुकानदाराला सांगितली. त्यानं गल्ल्यावरचे हात काढले आणि विचारलं, "गाव कुठलं म्हणालात त्यांचं?" मी म्हटलं, "सरगोधा." तो बराच वेळ बोलला नाही. मग त्यानं त्या दिवशीच्या सामानाचे पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तरी घेतले नाहीत.

---

तळटीप

दूरदेशी, ही गोष्ट मला माहीत नव्हती. अंगावर काटा आला.

मी सकाळी आज्ञेचा प्रश्न विचारला, त्यावर दिवसभर विचार करत होतो. अजूनही पूर्ण उत्तर मिळालंय असं नाही. पण एक कळलं. मी हुकूम हा शब्द कागदावरचा धरला होता. जुना सवार यांनी सांगितलं तसं, त्या क्षणी दोन हुकूम एकमेकांच्या आड आले होते, एक मागे सरकायचं नाही हा आणि एक बाहेर पड हा. त्यानं पहिला निवडला.

शत्रूकडच्या शौर्याचाही विषय निघालाच आहे तर सांगतो. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, याच जरपालच्या पट्ट्यात पाकिस्तानच्या ३५ फ्रंटियर फोर्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल मोहम्मद अक्रम राजा आपल्या माणसांच्या पुढे राहून हल्ल्यावर आले आणि पडले. त्यांना तोंड देणाऱ्या थ्री ग्रेनेडियर्सच्या कमांडिंग ऑफिसरनीच त्यांच्या धैर्याची लेखी दखल घेतली आणि पुढे पाकिस्ताननं त्यांना हिलाल-ए-जुर्रत हे शौर्यपदक दिलं. म्हणजे समोरच्याचं शौर्य समोरच्यानं लिहून कळवलं.

---

घाटमाथा

अरुण गेला तेव्हा तो सगळ्यात तरुण परमवीर होता. नंतर कारगिलला योगेंद्र सिंग यादव, वय १९, ते सुदैवानं आपल्यात आहेत. आजवर २१ परमवीर, त्यांतले १४ मरणोत्तर. त्या पदकाचं रेखाटन आपल्या सावित्रीबाई खानोलकरांचं. जन्मानं युरोपीय, मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झाल्या. पदकावर चार वज्रं आहेत, दधीचींनी स्वतःच्या अस्थी देऊन घडवलेलं इंद्राचं वज्र. १९४० च्या दशकाच्या शेवटी ते रेखाटताना त्यांना कुठे ठाऊक होतं की पुण्यातल्या एका लष्करी घरात अजून जन्मायचा असलेल्या मुलाच्या नावावर ते लागणार आहे.

---

जुना सवार

आमच्या वेळी रेजिमेंटमध्ये १६ डिसेंबरला मंदिरात पाठ असायचा आणि संध्याकाळी बडाखाना, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण. कुठल्याही रेजिमेंटचा असो, आर्मर्डचा माणूस त्या दिवशी बसंतर म्हणतोच. आज मी घरी आहे, शेतात कांद्याची लावणी चालू आहे. सकाळी मजुरांना थोडा वेळ थांबवलं आणि बांधावर उभं राहून एक सलाम केला. बायको म्हणाली, कुणाला? मी नावं सांगितली. अरुणसाहेब आणि नंद सिंग.

---

अबोली

दादा, दोन्ही नावं घेतलीत, बरं वाटलं.

मुलाचा आत्ता फोन आला होता. नेटवर्क जेमतेम. मी त्याला या धाग्याबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "आई, एनडीएत असताना आम्ही त्या मैदानावर दर आठवड्याला ड्रिल करायचो, उस्ताद ओरडायचे. नाव माहीत होतं, पण ते पुण्यात जन्मले हे मलाही ठाऊक नव्हतं." मग लाइन कट झाली.

---

पाषाणवाट

सगळ्यांचे आभार. सकाळी मी एका मुलाबद्दल लिहायला बसलो होतो, आता या पानावर एक अख्खी रात्र आणि सकाळ उभी राहिलीय, नदीसकट.

सीनाकाठ, एक विनंती. मला नगरला येऊन टँक म्युझियम बघायचं आहे, भाच्यालाही सुट्टी आहे. येत्या रविवारी उघडं असतं का? आणि 'फामागुस्टा' लांबून तरी बघायला मिळेल का?

---

सीनाकाठ

म्युझियमची वेळ उद्या विचारून कळवतो. 'फामागुस्टा' संस्थेच्या आवारात आहे, तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही. पण तुमचा भाचा आता कॅडेट आहे, त्याच्यामार्फत रीतसर अर्ज करून बघा. जेवायला मात्र आमच्याकडे. हुरड्याचे दिवस आहेत, शेतावर बसू.

---

पाषाणवाट

येतो. शिवाजीनगरहून सकाळची पहिली एसटी धरतो.